मोडक्या बास गिटारची घरगुती दुरुस्ती : एक अभ्यास

संगीत हा विषय घेतलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना ठाट, राग, श्रुती यांच्या व्याख्या विचारल्या तर आम्ही त्या घडाघडा म्हणून दाखवतो. पण वर्गातल्या तंबोऱ्याची खुंटी फिरू लागली किंवा पेटीचा एखादा स्वर मुका झाला, की ते वाद्य कपाटात जाते आणि कपाटाला कुलूप लागते. वाजवणे ही कला आणि दुरुस्ती हे कारागिराचे काम, अशी एक भिंत आपण मनाशी घालून घेतली आहे. गेल्या उन्हाळ्यात ही भिंत मला नाइलाजाने ओलांडावी लागली. त्या खटाटोपात जे समजले ते विद्यार्थी मित्रांसमोर व गुरुजनांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा मामेभाऊ दारव्ह्याकडच्या एका गायन पार्टीत बास गिटार वाजवतो. लग्नसराई, भीमजयंती, गणपती आणि आपल्या यवतमाळचा प्रसिद्ध दुर्गोत्सव, हे त्यांचे कामाचे दिवस. बाकी वर्षभर शेती. त्याची गिटार अगदी स्वस्तातली. एका कार्यक्रमाहून रात्री परतताना ती मालवाहू गाडीतून खाली पडली. माथ्याजवळ दांडीला भेग गेली, एक खुंटी वाकली. त्याआधीही ती काही ठिकाणी झणझणत असे आणि बटन फिरवले की खरखरत असे. दाखवायला नेली तेव्हा सल्ला मिळाला की दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवीनच घ्या. सल्ला देणाऱ्याचे हिशेबाने कदाचित बरोबर असेल. पण नवीन घेणे म्हणजे दादाची अर्धी लग्नसराई खर्ची पडणे होते. "तू संगीत शिकतोस ना? मग बघ काही होते का," असे म्हणून त्याने ती माझ्या स्वाधीन केली. मला त्यातले काहीच येत नव्हते, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

मिरजेचा दाखला

दुरुस्तीला कमी लेखणाऱ्यांनी मिरजेचा इतिहास आठवावा. तंबोरे व सतारी यांसाठी मिरज आज साऱ्या देशात ओळखली जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या परंपरेचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांच्यापासून मानतात. ते शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या, ती घडवणाऱ्या समाजातले. तलवारींचे दिवस सरत आले होते. गवयांची बिघडलेली वाद्ये दुरुस्त करता करता त्यांनी वाद्याची रचना जाणून घेतली आणि पुढे स्वतः वाद्ये घडवली, असे तेथील परंपरेत सांगितले जाते. मोडलेले वाद्य उघडल्यावर त्याचे गुपित दिसते. शाबूत वाद्य ते दाखवत नाही. माझ्या अल्प अनुभवाने मला एवढेच पटले आहे की वाद्यशास्त्राचा पहिला धडा मोडक्या वाद्यापाशी बसूनच गिरवावा.

वाद्याची ओळख

बास गिटार हे वयाने तरुण वाद्य आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जासाठी माणसाच्या उंचीचे डबल बास वापरत. ते वाहून नेणे कठीण, आणि त्याला पडदे नसल्याने स्वर केवळ कानाच्या भरवशावर. १९३६ च्या सुमारास अमेरिकेत सिएटल येथे पॉल टुटमार्क यांनी आडवे धरून वाजवायचे, पडद्यांचे विजेवरील बास तयार केले. पण ते फारसे पसरले नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेल्या बास गिटारने मात्र चित्र पालटले. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून त्यांनी तिचे नावच ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असे ठेवले. पुढे हिंदी चित्रपटसंगीतात हे वाद्य स्थिरावले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. तिथून ते आपल्या गावोगावच्या ऑर्केस्ट्रात आणि गायन पार्ट्यांत आले.

संगीताच्या विद्यार्थ्याला या वाद्याचे अवयव अनोळखी वाटू नयेत. तंबोऱ्याची दांडी ती याची दांडी. खुंट्यांच्या जागी दाते असलेल्या लोखंडी खुंट्या. ज्या पट्टीवरून तारा खुंट्यांकडे वळतात ती तंबोऱ्यातली अटी. खाली घोडी आहेच. भोपळा मात्र नाही. त्याच्या जागी भरीव लाकडाचे, स्वस्त गिटारमध्ये पुष्कळदा प्लायवुडचे, धड असते. आवाज मोठा करण्याचे भोपळ्याचे काम येथे वीज करते. चार तारा असतात आणि त्या मि, ला, रे, सोल या पाश्चात्त्य स्वरांत मिळवतात. त्यांची कंपनसंख्या सेकंदाला अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ कंपनांची असते. म्हणजे बासची जाड तार तिच्याहून पूर्ण एक सप्तक खाली बोलते. माणसाच्या कानाची खालची सीमा सुमारे २० कंपने मानली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे हे वाद्य किती खोलात उतरते ते ध्यानी येईल.

ताणाचे गणित

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, वजन आणि ताण. फ्रेंच विद्वान मर्सेन यांनी हे नियम १६३६ च्या आपल्या ग्रंथात मांडले. स्वर खाली आणायचा तर तार लांब करावी, जड करावी किंवा ढिली करावी. फार ढिली केली तर ती लोळते. म्हणून बासची तार लांब असते, अटीपासून घोडीपर्यंत बहुधा ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर; आणि जड असावी म्हणून पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते.

आता ताण पाहा. नेहमीच्या जाडीची प्रत्येक तार स्वरात आली की साधारण १८ ते २३ किलो वजनाइतकी ओढ देते. चौघींची मिळून सुमारे ८० किलो. आपल्या जिल्ह्यात ज्याने जिनिंग पाहिले आहे त्याला सांगायला नको की कापसाची गाठ १७० किलोची असते. म्हणजे जवळजवळ अर्धी गाठ त्या मनगटाएवढ्या दांडीला रात्रंदिवस लोंबकळत असते! स्वस्त गिटार बिघडते ती बहुतेक या एका कारणाने. भेग, बाक, वर आलेली घोडी, सैल झालेले स्क्रू, या सगळ्यांच्या मागे तोच ताण उभा असतो. म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम असा : कोणत्याही कामाला हात घालण्यापूर्वी तारा ढिल्या करा.

या नियमाचा एक उपयोगी उपसिद्धांतही आहे. ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे चारही तारा एक पूर्ण स्वर खाली मिळवल्या तर ताण सुमारे एक पंचमांशाने घटतो. दांडी नुकतीच जोडलेली असेल किंवा मुळातच कमजोर असेल, तर गवयाला थोडे खालच्या पट्टीत गाण्याची विनंती करणे हे दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

आपले हवामान आणि लाकूड

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडीठाक असते. जूनच्या शेवटी पाऊस लागला की तीच हवा ओलीचिंब होते. लाकूड ओल घेते तेव्हा ते आडवे फुगते, लांबीत जवळजवळ बदलत नाही. लोखंड मात्र ओलीने फुगतही नाही आणि आटतही नाही. म्हणून उन्हाळ्यात दांडी रुंदीला आटते आणि पडद्यांची टोके बाहेर येऊन तळहाताला खरचटतात; पावसाळ्यात दांडीचा बाक बदलतो. "काल बरोबर होती, आज झणझणते," ही वादकांची तक्रार म्हणजे पुष्कळदा हवेचीच तक्रार असते.

दुसरी गोष्ट टिनाच्या छपराची. आपल्या बहुतेक घरांत जास्तीचे सामान माळ्यावर ठेवतात. मेच्या दुपारी टिनाखालच्या माळ्यावर किंवा उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत इतकी उष्णता साचते की पांढरा गोंद मऊ पडू लागतो आणि सांधा ताणाखाली हळूहळू सरकतो. गिटार भिंतीशी उन्हात उभी करणे, माळ्यावर टाकणे, ओल्या भिंतीला टेकवणे, या तीन गोष्टी टाळल्या तर निम्मी दुरुस्ती वाचते.

निदान

वैद्य नाडी पाहतो, मग मात्रा देतो. येथेही तसेच. मी पहिले दोन दिवस पान्हा हातात घेतला नाही. फक्त वहीत नोंदी केल्या. क्रम असा ठेवावा :

१. भेगा : माथा, दांडीचा सांधा, घोडीखालचा भाग उजेडात तिरपे धरून पाहावा. हलके दाबून भेग उघडते का, ते पाहावे.

२. दांडीचा बाक : जाड तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी. ती तारच आता सरळ पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत किती फट आहे ते पाहावे. एखादे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे, म्हणजे साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर, इतकी फट योग्य.

३. पडदे : प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवून जिथे झणझण होते तिथे खडूची खूण करावी.

४. खुंट्या व स्क्रू : फिरतात का, घसरतात का.

५. विजेचा भाग : बटन फिरवताना, पिन हलवताना, तारांवरचा हात काढल्यावर काय आवाज येतो, ते वेगवेगळे लिहावे.

आमच्या गिटारची यादी पुढीलप्रमाणे निघाली : माथ्याला चार बोटे लांबीची भेग, दांडीला पुढे बाक, नववा पडदा एका बाजूने उठलेला, एक खुंटी वाकडी, घोडीचा एक स्क्रू पकड सोडलेला, पिनेच्या जागी तार तुटण्याच्या बेतात.

माथ्याची भेग

माथा दांडीला थोडा मागे कललेला असेल तर तेथे लाकडाचे तंतू आखूड कापले जातात; शिवाय पुष्कळ गिटारमध्ये नेमके त्याच जागी दांडीतल्या सळईसाठी पोकळी असते. म्हणून गिटार पडली की ती बहुधा तिथेच फुटते. भेग तंतूंच्या दिशेने लांब गेली असेल तर आनंद मानावा, कारण गोंदाला धरायला जागा भरपूर मिळते. आडवी व आखूड असेल तर नुसत्या गोंदाने भागत नाही. मागून लाकडाच्या पट्ट्या खाचेत बसवाव्या लागतात आणि ते काम जाणत्या सुताराचेच.

आमची भेग लांब होती. गल्लीतल्या सुतारकाकांना दाखवली. त्यांनी खिळा मारण्याची माझी कल्पना ऐकून मान हलवली. खिळा तंतू फाडतो आणि भेग वाढवतो. त्यांनी सांगितलेली रीत अशी : तारा काढाव्या. भेग हलकेच उघडून आतली धूळ फुंकून काढावी. लाकडाचा पांढरा गोंद पातळ पात्याने किंवा इंजेक्शनच्या पिचकारीने पार टोकापर्यंत पोहोचवावा. दोन-तीनदा भेग उघडझाप केली की गोंद आत ओढला जातो. मग दाबून, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसून, वर मेणकागद ठेवून शिकंजा लावावा. शिकंजा नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ती ताणून गच्च गुंडाळावी. गोलसर दांडीवर ट्यूब चोहीकडून सारखी दाबते. लोखंडी शिकंज्याला हे साधत नाही.

येथे माझी चूक सांगतो. दुसऱ्या दिवशी गोंद वाळलेला दिसला. उत्साहाच्या भरात मी चारही तारा चढवून पूर्ण स्वरात आणल्या. संध्याकाळी भेगेची रेघ पुन्हा केसाएवढी उघडली होती. काका रागावले नाहीत; एवढेच म्हणाले, "पोरा, लाकडाले घाई चालत नाही." वाळलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नाही, त्यामुळे जुना गोंद खरवडून काढण्यात माझा अख्खा दिवस गेला. दुसऱ्या खेपेला ट्यूब पूर्ण एक दिवस-रात्र ठेवली, नंतर तीन दिवस गिटार सावलीत तशीच राहू दिली आणि मग तारा एक पूर्ण स्वर खाली मिळवल्या. आठवडाभराने मूळ स्वरात आणल्या. सांधा टिकला.

गोंदाविषयी दोन शब्द. सांधा घट्ट बसत असेल तर पांढरा गोंद पुरेसा. लाकूड उडून पोकळी राहिली असेल तर दोन नळ्यांतून मिसळून करायचा इपॉक्सी चांगला, कारण तो पोकळी भरूनही मजबूत राहतो. जुने वाद्यकार सरस वापरीत. गरम पाण्याने तो सांधा पुन्हा सोडवता येतो, हा त्याचा मोठा गुण. लाकडाची पट्टी लावायची झाल्यास आपल्याकडे सागवान सहज हाताशी येते. पण सागवान तेलकट. जुन्या पृष्ठभागावर गोंद धरत नाही. रंधा मारून ताजे केल्यावर लगेच चिकटवावे, असे काकांनी बजावले.

दांडीचा बाक

तारांची ओढ दांडीला धनुष्यासारखी वाकवू पाहते. तिला तोंड देण्यासाठी दांडीच्या पोटात पोलादी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. तिचा नट माथ्यापाशी किंवा धडाजवळ असतो. बहुतेक गिटारमध्ये नट घड्याळाच्या दिशेने आवळला की दांडी मागे सरळ होते, सोडला की तारांच्या ओढीने पुढे वाकते.

या कामात लोभ नको. बरोबर मापाची ॲलन की घ्यावी. सैल की नटाचे कोपरे खाऊन टाकते. एका वेळी पाव फेरा फिरवावा, तारा पुन्हा स्वरात आणाव्या, काही तास थांबावे, मग कार्डाने फट मोजावी. आवळण्याआधी तारा थोड्या ढिल्या केल्यास सळईवर जोर कमी येतो. नट फिरत नसेल तर जबरदस्ती करू नये. भेग जोडता येते, पण तुटलेली सळई बदलायची म्हणजे पडद्यांची पट्टीच उचकटावी लागते. स्वस्त गिटारचा शेवट बहुधा तिथेच होतो. आमच्या दांडीला तीन दिवसांत मिळून अर्धा फेरा पुरला. काही अगदी स्वस्त गिटारमध्ये फिरणारी सळईच नसते. तेथे हलक्या तारा लावणे किंवा खाली मिळवणे, एवढाच उपाय हाती राहतो.

पडदे आणि घोडी

तंबोऱ्यात घोडीवर तार घासून जो झंकार निघतो त्याला आपण जवारी म्हणतो आणि ती लागावी म्हणून दोरा सरकवीत बसतो. बासमध्ये तोच झंकार दोष ठरतो. तत्त्व एकच आहे : कंप पावणारी तार कोणत्या तरी पृष्ठभागाला हलकेच शिवते. एका परंपरेने त्याला भूषण मानले, दुसरीने दूषण.

उठलेला पडदा बसवण्यासाठी त्याच्या खाचेत पातळ, झटपट वाळणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडला, पडद्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलक्या हातोडीने ठोकला आणि दाबून धरला. शेजारच्या पडद्यांवर आधी कागदी टेप लावली होती. गोंद पट्टीवर सांडला की डाग जात नाही. नंतर तीन पडद्यांवर टेकेल अशी छोटी सरळ पट्टी ठेवून पाहिले. ती डुगडुगली तर मधला उंच. तेवढाच भाग बारीक कानशीने हळूहळू उतरवला आणि शेवटी अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवला. पडद्याची धातू पुन्हा भरता येत नाही, म्हणून कमी घासून पुन्हा पाहणे श्रेयस्कर.

आता स्वरशुद्धीचा प्रश्न. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारचे पडदे ठोकलेले. त्यांच्या जागा गणिताने ठरतात : उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचे की पुढच्या पडद्याचे अंतर मिळते. ३४ इंची तारेत पहिला पडदा अटीपासून ४८.५ मिलिमीटरवर, दुसरा त्यापुढे ४५.७ मिलिमीटरवर, असे करत बारावा बरोबर मध्यावर येतो. सप्तकाचे हे बारा सारखे भाग आपल्या शुद्ध स्वरांशी तंतोतंत जुळत नाहीत. १९४० साली तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, तिच्यामागच्या वादातला एक मुद्दा हाच होता. ती बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही.

पडदे हलत नाहीत, तेव्हा हलवायची ती घोडी. बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून वाजवावे. स्वच्छ तारस्वर निघतो. मग तिथेच तार दाबून वाजवावे. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडीवरचा त्या तारेचा तुकडा मागे न्यावा, म्हणजे तार लांब होते; उतरलेला असेल तर पुढे आणावा. कानाला खात्री नसेल तर मोबाइलवरचा ट्यूनर मदत करतो. पण आधी कानाने ठरवून मग यंत्राला विचारावे, असे आमच्या सरांचे सांगणे आहे आणि ते येथेही लागू पडते.

घोडीचा पकड सोडलेला स्क्रू काढून छिद्रात गोंद लावलेली बांबूची काडी ठोकली, वाळल्यावर वरचे टोक कापले आणि नवे बारीक छिद्र पाडून स्क्रू बसवला. वाकडी खुंटी सरळ करण्याच्या नादात मोडली. ती नवीनच आणावी लागली. तारा मात्र जुन्याच ठेवल्या. गुंडाळलेल्या तारेच्या फटीत घाम व मळ साचून आवाज बसतो. त्या पाण्यात दहा मिनिटे उकळून, पुसून, पूर्ण कोरड्या करून चढवल्या की काही आठवडे पुन्हा खणखणीत बोलतात. नव्या संचाची किंमत आमच्या बाकीच्या साऱ्या सामानाहून जास्त होती, हे ध्यानात घ्यावे.

विजेचा भाग

तारांखालच्या पिकअपमध्ये चुंबके आणि त्यांभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार चुंबकावर थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेले विद्युत्‌प्रवर्तन ते हेच. म्हणून या वाद्याला पोलादी किंवा तत्सम चुंबकीय तार लागते. नायलॉनची तार पिकअपला ऐकूच येत नाही.

लक्षणांवरून दोष ओळखता येतो. बटन फिरवताना खरखर झाली तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आहे. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लिनर फवारून बटन वीस-पंचवीस वेळा फिरवावे. पिन हलवताना आवाज येतो-जातो, तर पिनेच्या जागचा टाका सुटला आहे. आवाज मुळीच नसेल तर मल्टीमीटरने पिकअपच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. तो साधारण पाच ते बारा हजार ओहम भरला तर पिकअप जिवंत. अनंत दाखवला तर वेढा तुटला, आणि ते काम घरी होत नाही. टाका मारताना इस्त्रीने कथील वितळवून थेंब टाकायचा नसतो. आधी तार व पत्रा तापवावा आणि कथील त्यावर आपोआप पसरू द्यावे. टाका चकचकीत आला तर बरा. मळकट गोळा झाला तर तो पुन्हा सुटणार. माझे पहिले तीन टाके गोळेच झाले.

एक धोक्याची सूचना

या लेखातला एवढा परिच्छेद जरी कोणी लक्षात ठेवला तरी पुरे. गिटारच्या घोडीला आतून एक तार जोडलेली असते. तिच्यामुळे चारही तारा अँप्लिफायरच्या अर्थिंगशी जोडल्या जातात. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते ती यामुळे. पण मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगला पुष्कळदा अर्थिंग नसतेच, किंवा तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकलेली असते. अशा वेळी अँप्लिफायरमध्ये गळती झाली तर वीज तारांवर येते. आणि बोटे तारांवर व ओठ माइकला, म्हणजे ती अंगातून जाते. पावसात भिजलेल्या मैदानावर हा धोका अनेक पटींनी वाढतो. माइकला हात लागताच झिणझिण्या आल्या तर त्याला हसण्यावारी नेऊ नये. वाजवणे तत्काळ थांबवावे. जाड पिन कधीही तोडू नये, मांडवात ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच लावून घ्यावा, आणि अँप्लिफायर स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. गिटार फुटली तर जोडता येते.

समारोप

सगळे मिळून बावीस दिवस लागले. त्यांतले हाताचे काम फार तर चार दिवसांचे. बाकीचे दिवस गोंदाने, लाकडाने आणि माझ्या चुकांनी घेतले. गिटार नव्यासारखी झाली असे म्हणणार नाही. माथ्यावर रेघ दिसते, आणि पंधराव्या पडद्यापुढे पातळ तार अजून किंचित झणझणते. दादाने ती हातात घेतली, खर्जाची तार छेडली आणि बराच वेळ दुसरे काही न वाजवता तेवढीच वाजवत राहिला. गणपतीत त्याने तीच वाजवली.

सुतारकाकांना स्वर कळत नाहीत आणि मला लाकूड कळत नव्हते. दोघे एका ओट्यावर बसलो तेव्हा काम झाले. आपल्या महाविद्यालयातही संगीत विभागाच्या कपाटात दोन तंबोरे, एक पेटी आणि कातडे फाटलेली खंजिरी मुकी पडली आहे. महिन्यातून एका रविवारी गावातले एक सुतार, एक रेडिओ दुरुस्त करणारे आणि संगीताचे आम्ही विद्यार्थी एकत्र बसलो, तर हे कपाट उघडता येईल. विभागातील गुरुजनांनी या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. सायकलची जुनी ट्यूब मी घेऊन येईन.